चित्र धरणाऱ्या मावशी

तर मावशी अजून शिडीवरच आहेत. काल त्यांना तिथं तशाच सोडून आपण उठलो, आणि खाली मंडळाच्या अध्यक्षबाई ओरडताहेतच, "मावशी, डावी बाजू वर घ्या! अजून वर! तिरकं दिसतंय हो!"

मावशींच्या तोंडात दोन खिळे. त्या खिळ्यांच्या फटीतून त्या म्हणाल्या, "बाई, चित्र सरळ आहे. छत उतरतंय."

आता भाड्याची का होईना, पण जागेला कुणी नावं ठेवली की अध्यक्षबाईंना ते अंगाला लागायचं. त्यांनी जिन्यात काम करणाऱ्या गवंड्याला हाक मारली. तो आपली पाणसळ घेऊन आला. पाणसळ म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. चौकटीवर ठेवली, बुडबुडा मधोमध, हलायला तयार नाही. मग छताच्या कडेला लावली, तर बुडबुडा जो पळाला तो थेट टोकाला. गवंडी म्हणाला, "बाई, या मावशींना आमच्याकडे पाठवा. माझं एक अवजार कमी होईल." अध्यक्षबाई हसल्या, पण तासाभरानं. त्या दिवसापासून मावशींच्या माघारी सगळ्या त्यांना 'पाणसळ' म्हणायला लागल्या. तोंडावर मात्र मावशीच.

हे मंडळ होतं बायकांचं, चित्रं काढणाऱ्या बायकांचं. चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल आणि त्यामागे सामानाची खोली, एवढाच संसार. सात जणींनी मिळून काढलेलं. का काढलं, त्याचीही गंमतच आहे. शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात या सातही जणींची चित्रं दरसाल दाराच्या मागच्या भिंतीवर लागायची. दार उघडलं की चित्र गायब. आणि प्रदर्शन म्हटल्यावर दार उघडं असणारच की! त्यातली एक म्हणाली, "आपली चित्रं दाखवायची तर लोकांना आत घेऊन कडी लावावी लागेल." हसता हसता सगळ्या चिडल्या, आणि त्या चिडीतून मंडळ उभं राहिलं. पुढं सभासद वाढत शंभराच्या वर गेल्या. नव्या मुलींना रंग-कागद द्यायचे, कुणाला घरी जागा नसेल तर हॉलचा एक कोपरा द्यायचा, आणि वर्षातून एकदा मोठं प्रदर्शन भरवायचं.

मावशी तिथं आल्या त्या नवरा गेल्यावर. नवऱ्याचं फ्रेमचं दुकान होतं. तो काच कापायचा, मावशी माउंट कापायच्या. चित्राभोवती पांढरा जाड पुठ्ठा असतो ना, मधे खिडकी पाडलेला, तो माउंट. ती खिडकी कापायची म्हणजे हाताची परीक्षा असते. सुरी तिरकी धरायची, श्वास रोखायचा, आणि कोपऱ्यावर एक केसभर सुद्धा पुढं जायचं नाही. चारी कोपरे नीट जुळले की मधला तुकडा आपोआप टपकन खाली पडतो. नवरा म्हणायचा, "तुझ्या हातून पडताना आवाजसुद्धा सरळ येतो." तो गेला, दुकान गेलं, आणि मावशी आपली सुरी, पट्टी आणि लांब शिडी घेऊन मंडळात आल्या. माउंट कापायचे, चित्रं लावायची, प्रदर्शन संपलं की उतरवायची, खिळ्यांची भोकं बुजवायची. अशी अठरा वर्षं झाली.

बाकी फ्रेमवाले तो मधला तुकडा कचऱ्यात टाकतात. मावशी तो पिशवीत घालून घरी न्यायच्या. घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि शेजारच्या इमारतीची भिंत दाखवणारी खिडकी. तिथं जेवणाच्या टेबलावर त्या त्याच तुकड्यांवर चित्रं काढायच्या. प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी चित्राच्या मापाचा. मावशींची सगळी चित्रं अशी दुसऱ्याच्या मापाची निघायची, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

काढायच्या काय? तर पाठी! हसू नका. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला प्रत्येक बाई आपापल्या चित्रासमोर उभी राहते. घरचे येतात, मैत्रिणी येतात, फुलं येतात, फोटो निघतात. मावशी तेव्हा मागच्या खोलीच्या दारात, हातात हातोडी, एखादं चित्र निसटलंच तर असावं म्हणून. त्यांना तिथून दिसायच्या त्या सगळ्यांच्या पाठी. वेणी, मोकळे केस, एका खांद्यावर पर्सचा पट्टा, कुणी भाषणाला कंटाळून एका पायावर भार दिलेला. अठरा वर्षं पाहून पाहून मावशींना पाठींवरून माणसं ओळखू यायला लागली होती. कोण खूश आहे, कुणाचा नवरा यायचा राहिला, कुणाला रडू येतंय, सगळं पाठ सांगते. रात्री कुलूप लावून त्या घरी जायच्या आणि ते उतरवून काढायच्या. खोलीत आवाज काय तो गळक्या नळाचा. तो एक पिळा जास्त दिला की थांबायचा, पण मावशी तो पिळा द्यायच्या नाहीत.

नात्याचं माणूस म्हणून भाऊ होता, पाचच गल्ल्या पलीकडे. वहिनीचा फोन यायचा. "वन्सं, तुमची ती उंच शिडी आहे ना? ह्यांना पंखे पुसायचेत." मावशी शिडी खांद्यावर टाकून जायच्या, स्वतःच पंखे पुसून द्यायच्या, चहा घ्यायच्या आणि शिडीसकट परत यायच्या. एकदा चहा घेताना त्यांनी धीर करून सांगितलं, "मी पण काढते गं थोडं."

"काय काढता?"

"चित्रं."

"हो का? बरं आहे की," वहिनी म्हणाली, "वेळ जातो."

मावशी चहा संपवून उठल्या. शिडी त्या दिवशी फार जड लागली.

आता एक गोष्ट मावशींनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांना एकदा, एकदाच, उद्घाटनाच्या संध्याकाळी त्या भिंतीसमोर उभं राहायचं होतं. आपल्या चित्राकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून. मंडळाचा नियम साधा होता. कोणत्याही बाईनं चित्र द्यावं, एकदा निवडलं गेलं की ती सभासद. आणि निवड निनावी. चित्राच्या मागं बंद लिफाफ्यात नाव, वर नुसता नंबर. बाई ओळखीची की अनोळखी, शिकलेली की न शिकलेली, कुणाला काही कळायचं कारण नाही.

अठरा वर्षं मावशी तो लिफाफा चिकटवत आल्या. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी एक लिफाफा घरून आणला. तीन बायकांच्या तीन पाठी काढल्या होत्या, मधली थोडी झुकलेली, आणि त्यांच्यापुढं रिकामी भिंत. माउंट स्वतःच कापला. नंबर आला सदतीस. नंबर घालताना सातचा आकडा त्यांना दोनदा काढावा लागला.

निवडीच्या दिवशी दुपारी समिती बसली. समितीत पाच जणी, पण दरसाल कुणीतरी गैरहजर असायचीच, या वेळी एकीला ताप आला होता, म्हणून चार. अध्यक्षबाई, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई, डॉक्टरीणबाई आणि पुतळे करणारी एक, जिचा आवाज पुतळ्यांनासुद्धा जागं करेल. पद्धत अशी की मावशींनी एकेक चित्र छातीशी धरून समोर उभं राहायचं. पसंत असेल त्यांनी हात वर करायचा. जास्त हात आले तर चित्र उजवीकडे, नाही आले तर डावीकडे. म्हणजे धरणाऱ्याला चित्र कधी दिसत नाही, दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं.

छत्तीस झाली. मावशींनी सदतीस उचललं. छातीशी धरलं. चारी तोंडं समोर.

"अगं बाई," शिक्षिकाबाई पुढं वाकल्या. "हे कुणी काढलंय? सगळ्या पाठमोऱ्या!"

"चेहरे जमत नसतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोपी वाट."

"पाठ सोपी? तुम्ही काढून दाखवा बरं."

"थांबा थांबा," पुतळेवाली उठून चार पावलं जवळ आली. मावशींनी श्वास धरला, अगदी कोपरा कापताना धरावा तसा. "ही मधली... ही पर्स माझी आहे! हा पट्टा मी स्वतः शिवलाय. ही मी आहे!"

"असेल."

"एवढी रुंद?"

अध्यक्षबाईंनी चष्मा नाकावर खाली घेऊन आधी चित्र पाहिलं, मग पुतळेवालीची पाठ पाहिली. "माप बरोबर वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि शिक्षिकाबाईंचा चहा नाकात गेला.

हसून झाल्यावर हात आले. अध्यक्षबाईंचा वर, शिक्षिकाबाईंचा वर. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही मांडीवर. पुतळेवालीनं हाताची घडी घातली, ती काही केल्या सुटेना. दोन आणि दोन.

अशी बरोबरी झाली तर काय, याचा मंडळाचा एक जुना रिवाज होता. फार वर्षांपूर्वी अशाच एका चित्रावरून दोन तास भांडण झालं, कुणी मागं हटेना. शेवटी वैतागून एक जण म्हणाली, "जिचे हात भरून आलेत तिला विचारा!" तेव्हापासून बरोबरी झाली की चित्र धरणारीचं मत धरायचं. मावशींवर ही वेळ चौदा वेळा आली होती आणि चौदाही वेळा त्यांनी एकच शब्द उच्चारला होता, "लावा." ती चौदा चित्रं भिंतीवर चढली, ती काढणाऱ्यांतल्या दोघी तर आज नावाजलेल्या.

त्यामुळे अध्यक्षबाईंनी विचारता विचारताच पेन्सिल वहीवर टेकवली. "लावायचं ना, मावशी?"

मावशींना खाली रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. समोर चार तोंडं, दोन हात वर करून दमलेली, दोन पुढच्या चित्राची वाट बघणारी. पुतळेवाली घड्याळ पाहत होती. एक शब्द बोलायचा होता. कुणाला कळणार नव्हतं, लिफाफा चार दिवसांनी उघडला असता, तोवर चित्र भिंतीवर.

"मावशी?"

"राहू दे," मावशी म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी मान वर केली. "काय?"

"राहू दे म्हटलं." आणि त्यांनी चित्र डावीकडे नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवलं. अडतीस नंबर उचलला.

"बघा!" पुतळेवाली खुशीत तोंडावरच म्हणाली. "पाणसळीलासुद्धा तिरकं वाटलं!"

मावशींनी अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, सगळी धरली. बासष्टपर्यंत धरली. एकही वाकडं नाही.

संध्याकाळी समिती चहा पिऊन पांगली. डावीकडच्या चित्रांचे लिफाफे त्याच दिवशी उघडायचे असत, ज्यांची चित्रं राहिली त्यांना अध्यक्षबाई स्वतः दोन ओळी लिहायच्या, तोही त्यांचा नेम होता. मावशी मागच्या खोलीत सुतळीचे गुंडे करत बसल्या होत्या. अर्ध्या तासानं अध्यक्षबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात उघडलेला लिफाफा.

"मावशी, सदतीस नंबर तुमचा?"

"हो."

"तुम्ही चित्रं काढता?"

"काढते."

"किती वर्षं?"

"इथं आल्यापासून."

अध्यक्षबाई खुर्चीवर बसल्या, म्हणजे खुर्चीवर ठेवलेल्या पुठ्ठ्यांवरच बसल्या, त्यांच्या लक्षातही आलं नाही. "अहो, मी हात वर केला होता. पाहिलात ना तुम्ही?"

"पाहिला."

"मग?" अध्यक्षबाईंचा आवाज चढला. रागावल्या होत्या, की दुसरं काही, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. "चौदा जणींना 'लावा' म्हणालात. कुणाकुणाची काय काय चित्रं होती ती! आणि स्वतःच्या वेळी तो एक शब्द निघाला नाही तुमच्या तोंडून? आम्हाला कळलं तरी असतं का? आज सभासद झाला असता तुम्ही. का नाही म्हणालात, मावशी?"

मावशींनी सुतळीचं टोक गुंड्यात खोवलं, गुंडा फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "घरी रोज माझी मीच म्हणते, बाई, की चांगलं झालंय. तेच एकदा आणखी म्हणायचं होतं, तर इथवर कशाला आणलं असतं?"