चष्मेवाल्याची उंच जीप

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. मालकाला सगळे चष्मेवालाच म्हणतात. त्याची बायकोसुद्धा भांडण झालं की "काय हो चष्मेवाले" अशीच सुरुवात करते. माणूस अगदी गरीब गाय. गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवताना असा श्वास रोखून धरतो, की गिऱ्हाईकच घाबरून विचारतं, "दुखणार आहे का?" अशा माणसाच्या डोक्यात पन्नाशी उलटल्यावर जीप शिरली.

जीप त्याच्या थोरल्या बहिणीची. म्हणजे तिच्या नवऱ्याची, जो खाणीवर मुकादम होता. भाऊजी गेले आणि जीप ताईच्या घरामागे उभी राहिली ती राहिलीच. टायर बसले, मागच्या सीटवर मांजरी व्यायल्या, आणि तळाचा पत्रा गंजून असा झाला, की आत बसून खालच्या मुंग्या मोजाव्यात. भंगारवाले फाटकापर्यंत यायचे आणि ताईचा चेहरा बघून हात हलवत परत जायचे. चष्मेवाल्याने मागितली तेव्हा मात्र ती लगेच म्हणाली, "ने. पैशाचं नाव काढलंस तर थोबाड फोडीन. पण चालू झाली की पहिल्यांदा मला शेजारी बसव आणि धरणापर्यंत ने. ह्यांच्याबरोबर दर सुट्टीला जायचे मी."

"म्हणजे काय ताई! तुझ्यासाठीच तर करतोय!"

हे तो मनापासून बोलला, यात शंका नाही. आईच्या मागे याच ताईने त्याला वाढवलं होतं, आणि तिच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला दवाखान्याच्या बाकावर रडवेला होऊन बसलेला एकमेव नातेवाईक हाच होता.

जीप ओढत गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने तळाला स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. "साहेब, ही गाडी नाही, चाळण आहे," तो म्हणाला, पण त्याचेही डोळे चमकले होते. मग दोघांनी मिळून कुजका पत्रा कापला, नवा जोडला, गंज घासून काढला. चष्मेवाला दुकान लवकर बंद करून यायचा आणि घरी जाताना कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा दिसायचा. एक दिवस इंजिन खोकलं, शिंकलं आणि चालू झालं. दोघांनी काळ्या हातांनी एकमेकांना मिठी मारली.

इथं थांबायला हवं होतं. पण त्याच सुमारास चष्मेवाल्याची ओळख जीप घेऊन डोंगर चढणाऱ्या एका टोळक्याशी झाली. त्यांचं म्हणणं, टायर मोठे हवेत. मोठे टायर मडगार्डला घासायला लागले, म्हणून चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उचलली. उचलल्यावर ती वरून बुटकी दिसायला लागली, म्हणून टपावर दिवे आले. दिवे आले म्हणून बंपर आला, बंपर आला म्हणून त्यावर चिखलातून गाडी ओढून काढायची विंच आली. त्याची बायको एकदा गॅरेजमध्ये येऊन वर मान करून बघत राहिली. "छान. आता वर बसून शेळ्या हाका," एवढंच म्हणाली.

एका बाजूच्या दाराखाली खडबडीत पत्र्याची एक पायरी होती. घरीच वेल्डिंग केलेली, जराशी वाकडी.

"ही दगडाला अडकणार," मिस्त्री म्हणाला. "आणि एकाच बाजूला का हो?"

"आमच्या भाऊजींचं सगळं असंच, अर्धवट," चष्मेवाला हसून म्हणाला. "काप."

ठरलेल्या रविवारी सकाळी जीप ताईच्या फाटकासमोर येऊन उभी राहिली. सगळी गल्ली जमली होती. हिरवी चकचकीत जीप, तिच्या दाराचा उंबरठाच कमरेएवढा उंच. चष्मेवाला वरून उडी मारून उतरला. ताई नवीन बूट घालून, केसांना रुमाल बांधून तयार होती. आधी तिने पिशवी वर सीटवर ठेवायला दिली. त्यात चहाचा थर्मास होता, दोन पेले होते. मग एका हाताने दाराची चौकट धरली, आणि गप्पा मारता मारताच, खाली न बघता, सवयीने पाय पुढे टाकला.

पाय हवेत राहिला. इकडे गेला, तिकडे गेला. मग तिने खाली पाहिलं.

"पायरी कुठं गेली रे?"

चष्मेवाला वाकून गाडीखाली बघायला लागला, जशी काही ती तिथेच पडली असेल.

"अरे, ह्यांनी बसवली होती ना. माझा पाय पोचायचा नाही म्हणून. पहिल्यांदा वाकडी बसली तेव्हा किती हसलो होतो आम्ही." आणि ती आत्ताही थोडी हसली.

मग जे झालं ते बघवत नव्हतं. कोणी स्टूल आणलं, ते डगमगलं. कोणी खुर्ची आणली. शेजारचे पेन्शनर काका म्हणाले, "मागून थोडा आधार द्या," आणि कुठे आधार द्यायचा ते न कळून सगळे पुरुष आकाशाकडे बघू लागले. ताईने खुर्चीवर एक पाय ठेवला, गुडघा वाकेना, तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. ती खाली उतरली.

"राहू दे रे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मला आता गाडी लागते. तू जा, एक चक्कर मारून ये. मी इथून बघते. खालून काय छान दिसते!"

खाणीच्या खडबडीत रस्त्यावर याच जीपमध्ये डुलक्या काढणाऱ्या बाईला गाडी लागते! भावाची लाज राखायला ती धडधडीत खोटं बोलली, आणि ते सगळ्यांना कळलं. त्यालाही कळलं. तो कानापर्यंत लाल होऊन वर चढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या सीटवर थर्मासची पिशवी बसून कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली.

त्यानंतर चष्मेवाला ताईच्या घरावरून जायचा बंद झाला. दुकानात मागच्या बोळातून यायचा. तिच्या गोळ्या बायकोच्या हाती पाठवायचा. गिऱ्हाईकांचे डोळे तपासताना हनुवटीकडे बघायचा. टोळक्याने डोंगरावर बोलावलं, तर म्हणाला, पोट बिघडलंय.

शेवटी एका दुपारी गॅरेजमध्ये गेला. "ती पायरी..." एवढंच बोलला आणि भंगाराच्या ढिगात शोधायला लागला. मिस्त्रीने नळाकडे बोट दाखवलं. पायरी नळाखाली होती, तिच्यावर साबणाची वडी होती.

"पण साहेब, एवढ्या उंचावर ती लावून उपयोग काय?"

"उंची काढ. पाटे, टायर, सगळं जुनं."

"एवढी मेहनत?"

"काढ म्हणतो ना!" गरीब गायीने आयुष्यात पहिल्यांदा शिंग उगारलं.

टोळक्यातला एक जण हसून म्हणाला, "लोक उंची वाढवतात, तुम्ही कापून घेतली!" चष्मेवाल्याने ऐकून घेतलं.

पायरी होती तशीच बसवली, वाकडी. मिस्त्री सरळ करायला निघाला तेव्हा चष्मेवाल्याने त्याचा हात धरला. या वेळी गल्लीत कोणाला सांगितलं नाही. फाटकाशी हॉर्न वाजवायचीही त्याला हिंमत झाली नाही. इंजिन चालू ठेवून तो स्टीअरिंगकडे बघत बसला. ताई आवाज ओळखून बाहेर आली, थर्मास आणायला परत आत गेली, आली. चौकट धरली आणि खाली न बघता पाय टाकला. पाय पायरीवर पडला. ती आत बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"ताई, मी..."

"चल आता."

गाडी हलली. त्याची नजर अजून स्वतःच्या मांडीवरच.

"मान वर कर, गाढवा," ताई म्हणाली. "नाहीतर ह्यांची जीप खड्ड्यात घालशील."