मिलिंद बनसोडे, शेवटचा वापर काही मिनिटांपूर्वी

"ते बंद नका करू, दादा."

बनसोडे मॅडम इतक्या हळू बोलल्या की माऊसवरचा माझा हात तिथेच थांबला. स्क्रीनवर एकेचाळीस टॅब उघडे होते. टॅब म्हणजे ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेलं एकेक पान. मी ते नीट मोजले होते, कारण पहिलं पान दिसायला साडेचार मिनिटं लागली आणि तोवर मला दुसरं काही काम नव्हतं.

मे महिना होता. सोलापुरात मे महिन्यात दुपारी तीन वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि ही तर सुट्टी लागलेली शाळा. सगळे वर्ग कुलूपबंद. ऑफिसच्या खोलीत आम्ही दोघं, एक पंखा आणि हा कॉम्प्युटर.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हेडमास्तर जोशी सरांनी सकाळी मला फोन केला होता. "श्रीनिवास, ते मशीन फास्ट करून द्या. मेअखेर तीनशे मुलांची माहिती वर पाठवायची आहे. बाईंचं काम पुढे सरकत नाही. मला त्यांच्या कायम होण्याच्या कागदावर शेरा लिहायचाय, आणि खोटं मी लिहिणार नाही."

बाई म्हणजे शीला बनसोडे. त्यांचे पती मिलिंद याच शाळेत क्लार्क होते. सव्वा वर्षापूर्वी टेंभुर्णीजवळ मोटारसायकल घसरून गेले. त्यांच्या जागी मॅडमना अनुकंपावर घेतलं. अनुकंपा म्हणजे नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला ती जागा देतात. टेबल तेच, खुर्ची तीच. लॉगिनसुद्धा तेच. आपल्याकडे माणूस जातो, लॉगिन जात नाही. नवीन आयडी काढायचा तर अर्ज करावा लागतो, म्हणून कुणी काढत नाही.

"मॅडम, एवढे टॅब असतील तर हा कॉम्प्युटर चालणारच नाही," मी म्हणालो. "याला मेमरी किती, तर चिमूटभर. वर ब्राउझरला सेटिंग लावलंय, की चालू केलं की मागच्या वेळी जिथे थांबलात तिथून सगळं उघड."

"ते सेटिंग त्यांनी लावलंय. हे टॅब त्यांचे आहेत. शेवटच्या दिवशी असेच सोडून गेले होते."

मी माऊस सोडला. रोज सकाळी ही बाई बटण दाबायची आणि गेलेल्या माणसाची एकेचाळीस पानं एकामागून एक आपोआप उघडायची. ती उघडताना मीही पाहिली होती. माणूस जागेवर येऊन बसावा तसंच दिसायचं ते.

तोडगा काढला. सगळे टॅब बुकमार्क करून एका फोल्डरमध्ये ठेवले, म्हणजे पत्ते जपून ठेवले. फोल्डरला नाव काय देऊ विचारलं. त्या म्हणाल्या, "मिलिंद." मग त्यांनी टॅब बंद करू दिले आणि मी माझ्या कामाला लागलो. फुकटचे टूलबार, म्हणजे नको असलेल्या बटणांच्या पट्ट्या, घुसले होते, ते काढले. कॅश साफ केली. कॅश म्हणजे आधी पाहिलेल्या पानांचं जपून ठेवलेलं सामान. ते असतं कामाचं, पण वर्षानुवर्षं साठलं की अडगळ होते. प्रीलोड चालू केलं. भाजीवाला रोजच्या गिऱ्हाइकाची पिशवी आधीच भरून ठेवतो ना, तसं ब्राउझर पुढचं पान आधीच आणून ठेवतो. न वापरलेले टॅब झोपवणारं सेटिंगही लावलं. रीस्टार्ट केलं. माहितीची शीट सहा सेकंदांत उघडली.

शीट म्हणजे ऑनलाइन तक्ता. एका मुलाची एक ओळ. माहिती अपुरी असेल तर ती ओळ आपोआप लाल दिसते. सगळ्यात वर लिहिलं होतं, जबाबदार: मिलिंद बनसोडे. मॅडम रोज संध्याकाळी मुलांचे कागदी फॉर्म स्कॅन करून त्याच अकाउंटच्या फोल्डरमध्ये टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी ते बघून ओळी भरायच्या.

"एक सांगू का?" मॅडम म्हणाल्या. "हसणार नाही ना?"

"सांगा की."

"मी सकाळी येते तेव्हा दहा-बारा ओळी भरलेल्या असतात. मी न भरलेल्या. एक चूक नसते त्यात. म्हणून तर दोनशेपर्यंत तरी पोचले. कुणाला सांगू? लोक येडी म्हणतील. पण ते अजून काम करतायत, दादा."

हसायला मला आलंच नाही. त्याच वेळी शीटवर, आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर, दोनशे बाराव्या ओळीत एक निळी चौकट उगवली. चौकटीला नाव होतं: मिलिंद बनसोडे. पहिल्या रकान्यात अंकिता हे नाव आलं. चौकट पुढे सरकली. वडिलांचं नाव आलं. पुन्हा सरकली. गाव आलं, करकंब.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. भीती वाटली की माझ्या तोंडून तेलुगूच निघतं. "अय्यो," मी म्हणालो. हातावर काटा आला होता, हे कबूल करतो. बाहेर टळटळीत ऊन होतं आणि माझे तळहात गार पडले होते.

मॅडम मात्र घाबरल्या नाहीत. त्या खुर्ची पुढे ओढून त्या चौकटीकडे बघत राहिल्या. "बघा," एवढंच म्हणाल्या.

मग माझं डोकं चालू झालं, आणि तिथेच मी चुकलो. धंद्याची सवय. अकाउंट हॅक झालंय, असं वाटलं की आमचे हात आधी चालतात. मी सेटिंग उघडलं, पासवर्ड बदलला आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' दाबलं. डिव्हाइस म्हणजे हे अकाउंट ज्या ज्या फोनवर, कॉम्प्युटरवर उघडलेलं आहे ते. त्यांची यादी तिथेच होती. मी ती वाचलीही नाही.

निळी चौकट गेली. दोनशे बारावी ओळ अर्धीच राहिली, जन्मतारखेचा रकाना रिकामा आणि ओळ लाल.

"काय केलंत, दादा?" मॅडम ताडकन उठल्या. "काय केलंत तुम्ही? ते गेले ना!"

बावीस वर्षं मी हे काम करतोय. गिऱ्हाइकांचे फोटो उडालेत, हिशोब उडालेत, शिव्या खाल्ल्यात. पण इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. एका बाईला मी दुसऱ्यांदा विधवा केलं, असं वाटलं.

पाचेक मिनिटांनी मेल आला. मिलिंदच्या इनबॉक्समध्ये, मिलिंदच्या नावाने.

'नमस्कार मिलिंद. माढा येथून तुमच्या अकाउंटमध्ये साइन इन करण्याचा प्रयत्न झाला. तुम्हीच होता का?'

खाली दोन बटणं. 'हो, मीच होतो' आणि 'नाही, मी नव्हतो'. माझं बोट सवयीने 'नाही'कडे वळलं. मॅडमनी माऊस माझ्या हातातून काढून घेतला आणि बाण 'हो'वर नेऊन ठेवला. दाबलं मात्र नाही.

"थांबा," मी म्हणालो. "आधी यादी बघू." जी आधीच बघायला हवी होती.

यादीत दोन ओळी होत्या. एक हा शाळेचा कॉम्प्युटर. दुसरा एक मोबाईल, माढा, शेवटचा वापर काही मिनिटांपूर्वी. मोबाईलचं मॉडेलही लिहिलेलं होतं.

"हा त्यांचाच फोन आहे," मॅडम म्हणाल्या.

"फोन आता कुठे असतो?"

"अपघातात हरवला म्हणाले."

"कोण म्हणालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मामा. माझे सासरे. माढ्याला असतात." मग बाकीचंही सांगितलं. ही नोकरी धाकट्या दिराला मिळावी अशी सासऱ्यांची इच्छा होती. मॅडमनी हक्क सोडला नाही. तेव्हापासून बोलणं बंद. सासरे तीस वर्षं ग्रामपंचायतीत लिहिण्याचं काम करून निवृत्त झालेले.

मेलवरचं कुठलंच बटण त्यांनी दाबलं नाही. स्वतःचा मोबाईल काढला आणि वर्षभरानंतर सासऱ्यांना फोन लावला. स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवला.

"मामा, मी शीला. ह्यांचा फोन तुमच्याकडं हाय व्हय?"

 पलीकडे कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती.

"हाय," म्हातारा म्हणाला. "हरवला म्हनून सांगितलं मी. मागितला असतास तर द्यावा लागला असता."

"मग शाळेच्या ओळी तुमी भरत व्हता?"

"पाटंचं झोप येत न्हाय. फोन उगडला की त्याचं नाव आन् खाली लाल. रोज सांजच्याला नवं कागद यायचं, रोज नवं लाल. पोराच्या नावाफुडं काम राहिलंय असं दिसाया नको वाटलं. आज पाटं जमलं न्हाय, म्हनून दुपारी बसलो. तर मधीच बंद पडलं."

"मामा, ते कागद मी टाकत होते. त्यांच्या नावावर मीच बसते हितं. लाल राहिलेलं माझं असतंय."

पलीकडे मोटरचा आवाज थांबला.

"तुझं?" म्हातारा म्हणाला. "मला वाटलं तुला येगळं दिलं असंल." मग घसा खाकरून, जरा दरडावल्यासारखं, "त्या करकंबच्या पोरीची जन्मतारीख राहिली. पासवर्ड सांग."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. नियमाने मी नाही म्हणायला हवं होतं. मी नवा पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवला आणि पंख्याकडे बघत बसलो. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, म्हाताऱ्याने पलीकडून ते दोनदा म्हणून दाखवलं, आणि मॅडमनी 'हो' दाबलं.

चारेक मिनिटांनी दोनशे बाराव्या ओळीत निळी चौकट आली. खरं काय ते आता आम्हाला ठाऊक होतं. तरी चौकटीवर नाव मिलिंदचंच होतं, आणि माझ्या हातावर पुन्हा काटा आला. जन्मतारीख आली. ओळीचा लाल रंग गेला. मॅडम पदर तोंडाला लावून रडल्या, अगदी मोकळ्या रडल्या.

मुलांची माहिती मुदतीच्या दोन दिवस आधी गेली. जोशी सरांनी चांगला शेरा लिहिला आणि मॅडम कायम झाल्या. नवीन आयडीचा अर्ज मीच टाईप करून दिला. आता शीटवर जबाबदार म्हणून शीला बनसोडे हे नाव आहे. सर मला म्हणाले, "मशीन एकदम पळायला लागलं हो. काय सेटिंग केलंत?" मी म्हणालो, "टॅब बंद केले."

त्यानंतर दोनदा त्या ऑफिसात जाणं झालं. मॅडमच्या नव्या अकाउंटची डिव्हाइसची यादी पाहिली, तर त्यात माढ्याचा एक मोबाईल आहे. मी यादी तशीच बंद केली.

माझे वडील पॉवरलूमवर होते. माग अडला की आधी मागाला हात लावू नकोस, चालवणाऱ्याला विचार, असं ते सांगायचे. ब्राउझर फास्ट करायचा असेल तर कॅश खुशाल साफ करा, टूलबार काढा, टॅब झोपवा. 'सगळीकडून साइन आउट' दाबण्याआधी मात्र यादी वाचा आणि पलीकडे कोण बसलंय ते विचारा.