जर्मनीला जाण्याआधीची तपासणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसले तरी मी दुसरंच काहीतरी पुटपुटत राहायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिता येतं, पण सवय नाही, तेव्हा थोडं मागेपुढे होईल. सांभाळून घ्या असं म्हणत नाही. वाचा म्हणजे झालं.

माझा मुलगा सुधाकर एकोणीसशे ऐंशीच्या आसपास जर्मनीला शिकायला गेला. आम्ही कारध्याचे. मधे वैनगंगा, पलीकडे भंडारा. घरी धानाचा व्यापार. गावातून परदेशी जाणारा तो पहिलाच. त्याच्या तयारीचं सगळं मी स्वतः पाहिलं, आणि पुढे कितीतरी वर्षं लोक म्हणत राहिले — माय असावी तर अशी. केलं ना मी. ते खोटं नाही. कॉलऱ्याची सुई, टायफॉईडची सुई, दोन्ही वेळा त्याच्यासोबत गेले. तिकडचा विमा दातांचा खर्च देत नाही असं कुणीतरी सांगितलं, तर त्याला नागपूरला नेऊन किडलेली दाढ काढून आणली. चष्मा फुटला तर तिकडे काय करेल, म्हणून दुसरा बनवून घेतला. लोकरीचे मोजे, सुंठ, ओवा, पोटदुखीच्या गोळ्या. पेटी तीनदा भरली आणि तीनदा उपसली.

एवढं सगळं केलं. आणि जे खरंच करायला हवं होतं, ते एकच होतं — डॉक्टरांच्या एका प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. ते दिलं नाही.

का दिलं नाही? ते सांगायचं तर आधी कुसुमबद्दल सांगावं लागेल. आणि कुसुमबद्दल सांगायचं तर सगुणाबद्दल. मी टाळते आहे असं वाटेल. टाळतेच आहे — पण आता येते त्यावर.

कुसुम माझी पहिली मुलगी. सुधाकर पाळण्यात होता तेव्हा ती गेली. सहावं चालू होतं तिला. वर्ष-दोन वर्षं दुखणं चाललं. हाताची बोटं सुजायची, पायाची सुजायची, अंगाला कुणी बोट लावलं तरी किंचाळायची. डोळे पिवळे पडायचे. मग आठ-पंधरा दिवस बरी, अंगणात खेळायची. मग पुन्हा तेच. झाडपाला झाला, भगत झाला, भंडाऱ्याची औषधं झाली.

सगुणा माझी धाकटी जाऊ. तेव्हा नवीनच लग्न होऊन आली होती, सानगडीची. तिला मूल नव्हतं आणि कुसुमवर फार जीव. पोरीचे हातपाय सुजले की ती तेल कोमट करून चोळत बसायची. ती चोळायची आणि पोरगी रडायची. रोज हेच पाहायची मी. तिचा हात लागला की माझी पोरगी रडते — एवढंच माझ्या डोक्यात बसलं. दुखऱ्या अंगाला कुणीही हात लावला तरी ते दुखणारच, हे मला कळत नव्हतं का? मी चोळलं तरी ती रडायचीच की. पण स्वतःचा हात कोण धरतं?

कुसुम गेली त्या दिवशी, भरल्या अंगणात, मी सगुणाकडे बोट दाखवलं. म्हणाले, हिनंच माझं लेकरू खाल्लं, हिच्या हातात जादू आहे. एकदाच म्हणाले. गावात असलं दुसऱ्यांदा म्हणावं लागत नाही. तिच्या हातचं पाणी बंद झालं. बाया तिला पाहून लेकरं पदराआड घ्यायला लागल्या. वर्षाच्या आत माझ्या दिरानं तिला सानगडीला नेऊन सोडलं आणि दुसरी केली. ती मात्र भावाच्या घरी राहिली, लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणी-निंदण करून जगली. मी लावलेलं नाव तिच्याआधीच सानगडीला पोचलं होतं.

आता पुढचं ऐका. सुधाकर चार वर्षांचा झाला आणि त्याची बोटं सुजली.

सगुणा तेव्हा घरात नव्हती. तिनं त्याला हात लावला नव्हता. तेच सुजणं, तेच किंचाळणं, तेच पिवळे डोळे. मी त्याच दिवशी समजले. तेव्हा कळलं नव्हतं असं मी म्हणू शकते, म्हातारी बाई आहे, तुम्ही मानालही. पण कळलं होतं. कळलं, आणि मी लोकांना सांगितलं की पोराला वात आहे. कुसुमचं नाव घरात घ्यायचं बंद केलं. तिचा फ्रॉक कुणाला तरी देऊन टाकला. दोघांचं दुखणं कुणी शेजारी-शेजारी ठेवून पाहू नये, एवढ्याचसाठी.

सुधाकरचं कुसुमइतकं वाढलं नाही. हिवाळ्यात चार दिवस पडून राहायचा, मग उठायचा. हुशार निघाला. शिकत शिकत जर्मनीपर्यंत पोचला.

तिकडे जायचं तर तब्येतीचा दाखला लागतो, आणि त्यावरच विमा मिळतो. म्हणून भंडाऱ्याला डॉक्टरांकडे गेलो, मी आणि तो. डॉक्टर तरुण होते, नवीन शिकून आलेले. त्यांनी सुधाकरचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं. काय काय दुखतं ते विचारलं. त्यानं हिवाळ्यातलं दुखणं सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले.

त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं, हे मला लिहायलाच हवं. म्हणाले, आपल्या भागात रक्ताचा एक आजार आहे, आई-बापाच्या रक्तातून येतो, एकाच घरातल्या भावंडांत निघतो. तो असला म्हणून याचं जाणं थांबणार नाही. फक्त याला माहीत पाहिजे. थंडीत जपायचं, पाणी भरपूर प्यायचं, उंच डोंगरावर जायचं नाही, आणि तिकडच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी खिशात ठेवायची. म्हणाले, लपवू मात्र नका. लपवलेलं मागून निघालं तर विमेवाले हात वर करतात.

मग विचारलं, "बाई, याच्या आधी-मागचं तुमचं एखादं लेकरू गेलं का? असेच हातपाय सुजून?"

हो म्हटलं असतं तर रक्त तपासायला नागपूरला गेलं असतं. निकाल घरी आला असता. नवऱ्यानं वाचला असता, दिरानं वाचला असता. आजार रक्तातला आहे म्हटल्यावर सगुणाचं काय? आणि सगुणानं काही केलं नसेल तर मी काय केलं? — हे सगळं त्या खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यातून गेलं. पोराचा विचार त्यात नव्हता. खरंच नव्हता.

मी म्हणाले, "नाही. मले हा एकलाच."

माझ्या तोंडानं मी कुसुमला पुसून टाकलं. सुधाकरनं माझ्याकडे पाहिलं. बहीण होती आणि गेली, एवढं त्याला गावातून माहीत होतंच. तरी तो शर्टाची बटणं लावत राहिला. डॉक्टर म्हणाले, मग वातच असेल, आणि सही केली. माय सांगते आहे म्हटल्यावर त्यांनी काय करावं?

परत येताना पुलावर तो थांबला. मला म्हणाला, "माय, माह्यासाठी खोटं बोलली तू. मी इसरणार नाही."

बघा. त्याला वाटलं, डॉक्टर काहीही म्हणोत, आजार निघाला तर विमा अडेल, जाणं अडेल, म्हणून मी खोटं बोलले. त्याला ती माया वाटली. आणि मी ते तसंच राहू दिलं. म्हणाले, "चाल लवकर, उन्ह लागून राहिलं." एवढंच.

तो गेला. पहिला हिवाळा निघाला. पत्रात लिहायचा, दुखतं पण सहन होतं. दुसऱ्या हिवाळ्यात कॉलेजातली मुलं बर्फाच्या डोंगरावर गेली, तोही गेला. डोंगरावर जाऊ नये ते त्या आजाराच्या माणसानं; त्याला तर डॉक्टरांनी वात ठरवला होता. तिथेच दुखणं सुरू झालं, ते छातीत गेलं. तीन दिवसांत संपलं.

त्याच्या सोबत नागपूरचा एक मुलगा शिकत होता. तोच अस्थी घेऊन आमच्याकडे आला. चांगला मुलगा. माझ्या पायाशी बसून त्यानं सगळं सांगितलं. म्हणाला, तिथले डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, तुझं भावंड लहानपणी गेलं का, घरात कुणाला असं होतं का. सुधाकर नाही म्हणत होता. डॉक्टर बाहेर गेल्यावर यानं त्याला मराठीत विचारलं, खरं काय ते सांग ना. तर म्हणाला — "मायनं नाही म्हणून सांगतलं, आता मी हो कसं म्हणू?"

रक्त तपासून आजार कळला तोवर उशीर झाला होता. ते डॉक्टर फार चिडले म्हणे. पहिल्या दिवशी कळतं तर वेगळं झालं असतं, असं म्हणाले.

मग त्या मुलानं मला विचारलं, "काकू, तो असं काहून म्हणाला?"

माझा नवरा तिथेच बसला होता. दीर बसला होता. मी म्हणाले, तापात बरळला असेल.

हो. तेव्हाही.

आणि सगुणा आली. सानगडीहून बसनं, एकटी. केस पांढरे झाले होते. तिला कुणी कळवलं कोण जाणे. ती अंगणात आली तशी बायांनी लेकरं आत घेतली. कुणीतरी म्हणालं, "झालं का आता समाधान? दोन्ही खाल्ले." कोण म्हणालं ते मला माहीत आहे, पण ते लिहून काय उपयोग? बोलायला मीच शिकवलं होतं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. हळूच म्हणाली, "बाई, मी त्याले कदी हात बी नाही लावला. तुमाले तं मालूम आहे."

मला मालूम होतं. सगळं अंगण माझ्या तोंडाकडे पाहत होतं. मी पदर तोंडावर ओढून घेतला आणि रडायला लागले. लोकांनी त्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला. ती आली तशी परत गेली. तिला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. कारध्याहून सानगडीला बस जाते, मी कधी चढले नाही. ती मेली तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात, असं कानावर आलं. तेही मी ऐकून घेतलं आणि भाकरी थापत राहिले.

आता नवरा नाही, दीर नाही. जी वाक्यं त्या दिवशी अंगणात बोलायची होती, ती इथे लिहिते.

कुसुमला आणि सुधाकरला एकच आजार होता. तो माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या रक्तातून आला होता. सगुणानं काही केलं नव्हतं. सुधाकर चार वर्षांचा होता तेव्हापासून मला हे माहीत होतं.