राजाभाऊंचं क्लॅरिनेट

राजाभाऊ माझ्याकडे आले ते हलणारा दात घेऊन. सौदीतल्या जुबैलच्या एका खासगी इस्पितळात मी दातांची डॉक्टर आहे. राजाभाऊ कंपनीच्या बसचे ड्रायव्हर, साठीला टेकलेले, मूळचे फलटणचे. वरचा पुढचा दात इतका हलत होता की मी सरळ म्हटलं, "काढून टाकू." तर ते खुर्चीत ताडकन उठून बसले.

"तेवढा ऱ्हाऊ द्या, डॉक्टरबाई. त्याच्यावरच क्लॅरिनेट टेकतं."

मी दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधून दिला आणि चौकशी केली. मला चौकशा फार लागतात. फलटणला त्यांच्या वडिलांचा बँड होता. राजाभाऊ त्यात वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते. मग लग्नांत डीजे आला, बँड बसला, आणि राजाभाऊ ड्रायव्हर म्हणून इकडे आले. येताना लुंगीत गुंडाळून क्लॅरिनेट आणलं. सत्तावीस वर्षं प्लांटच्या बाहेर बस लावून शिफ्ट सुटायची वाट बघताना, काचा वर करून ते हळू आवाजात वाजवत. बसमधल्या लोकांनाही त्याचा पत्ता नव्हता.

आता माझ्याविषयी. मी पुण्याची. कॉलेजात असताना ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचे आणि त्याचा मला भलताच तोरा होता. पांढरा कुर्ता, फेटा, महिनाभर नदीकाठी सराव. आम्ही हौसेनं वाजवणारी मंडळी, आम्हाला लोक अडवून सेल्फी मागायचे. बँडवाले म्हणजे लाल कोट, सोनेरी झालर आणि वरातीपुढे, डोक्यावर दिवे घेतलेल्यांच्या मधून चालणारी माणसं. दोघेही रस्त्यावर चालत वाजवतात, दोघांच्याही पायांत ताल लागतो. पण पथक आणि बँड एकच आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, सौदीच्या स्थापना दिनानिमित्त इथल्या एका मोठ्या बागेत सगळ्या देशांच्या कामगारांचं संचलन ठरलं. भारतीयांना दहा मिनिटं मिळाली. पुढाकार घेतला मी, दुसरं कोण घेणार! चार ढोल, दोन ताशे जमले. चैतन्य, म्हणजे माझा नवरा, तो प्रोसेस इंजिनिअर, त्याच्या गळ्यात मी एक ढोल अडकवला. मुनाफ नावाचा मालेगावचा फिटर ट्रम्पेट वाजवायचा, त्यानं आणखी तिघांना आणलं. आणि मला राजाभाऊ आठवले.

पहिल्या शुक्रवारी सरावाला आले तेव्हा दाढी घोटलेली, बूट चकचकीत. आल्या आल्या त्यांनी आमची सगळ्यांची हजामत केली. मुनाफचा श्वास चुकत होता, तो छातीऐवजी पोटातून घ्यायला लावला. आम्ही पथकातले लोक जागोजागी थांबून जोरात वाजवणारे, चालता चालता रांग सरळ ठेवायची आम्हाला सवय नाही. राजाभाऊंनी डाव्या पायावर ठोका कसा पाडायचा ते शिकवलं. सहा शुक्रवारांत आम्ही बऱ्यापैकी दिसू लागलो. पुढे मधोमध क्लॅरिनेट, त्याच्यामागे सगळे.

तेवढ्यात मी अमेरिकेतल्या ड्रम कोअरचे व्हिडिओ बघितले. काय ती शिस्त! दीडशे पोरं, एक पाऊल. त्यांच्याकडे मार्चिंग बँड वेगळा आणि ड्रम कोअर वेगळं. बँड शाळा-कॉलेजांचा, त्यात बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, जे येईल ते आणि जो येईल तो. मी पाहिलेल्या ड्रम कोअरमध्ये मात्र फक्त पितळी वाद्यं आणि ड्रम, आणि आत जायचं तर कडक निवड. मला वाटलं, हे तर आपलं पथक! आणि मग आमच्या सरावाचा व्हिडिओ लावला, तर तो मला वरातीसारखा ऐकू आला. क्लॅरिनेटमुळे. खरं सांगायचं तर क्लॅरिनेटमुळेही नाही. राजाभाऊ वाजवताना डोळे मिटून जरासे डुलायचे, लग्नातल्यासारखे. मला त्याची लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी मी त्यांना बाजूला घेतलं. "राजाभाऊ, ड्रम कोअरमध्ये लाकडी वाद्यं चालत नाहीत. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"आयोजकांचा," मी म्हटलं.

आयोजकांनी फक्त वेळेवर या एवढंच सांगितलं होतं. पण माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मीच चकित झाले. राजाभाऊंनी मान डोलवली. "नियमच हाय म्हटल्यावर खलास." क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून त्यांनी फडक्यानं पुसले आणि पेटीत ठेवले. मग रांगेच्या कडेला उभे राहून आमचा ठोका मोजत राहिले. उरलेल्या दोन्ही शुक्रवारीही ते आले. मला तेव्हाही काही वाटलं नाही, हेच मला आता सहन होत नाही.

संचलनाला आम्हाला बसमधून नेलं राजाभाऊंनीच. आमचं छान झालं, टाळ्या पडल्या. मी फेटा सावरत बसपाशी आले, तर आमच्या मागून फिलिपिनो कामगारांचा बँड निघाला. पुढच्या रांगेत सहा क्लॅरिनेट. सहा! मागे बासऱ्या. वाजवणारे डुलतही होते आणि लोक त्यांच्यासाठी वेडे झाले होते.

राजाभाऊ बसच्या दारात उभे राहून बघत होते. मुनाफ म्हणाला, "राजाभाऊ, इनके पास तो है!"

"उनका नियम अलग होगा," राजाभाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता स्टिअरिंगवर जाऊन बसले. "यल्ला, चला, बसा समदे."

महिन्याभरानं त्यांचं फायनल एक्झिट लागलं, म्हणजे नोकरी संपवून कायमचं गावी जायचं. मी म्हटलं, दमामच्या विमानतळावर मी सोडते. चैतन्यला वाटलं, मी मनाचा मोठेपणा करते आहे. मला फक्त तासभर त्यांच्याशेजारी बसून खरं बोलायचं होतं. सत्तावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस माझ्या शेजारच्या सीटवर हात मांडीवर घेऊन अवघडून बसला होता. अर्धा रस्ता गेला. शेवटी एकदाचं बोलून टाकलं. "राजाभाऊ, तो नियम आयोजकांचा नव्हता. माझा होता."

"ठावं हाय."

"त्या फिलिपिनो लोकांना बघून कळलं ना?"

"न्हाई वो. तुमी सांगितलं तवाच." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "बँडवाल्याला समदे नियमच सांगत्यात, डॉक्टरबाई. दारात वाजवा, मांडवात नको. मानसं जेवली की मग बसा. कुनी तोंडावर नको म्हनत न्हाई."

मी माफी मागितली, दोनदा. चुकलं, होतं कधी कधी, असं काहीतरी ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत, आणि का म्हणावं? विमानतळाची पाटी दिसल्यावर म्हणाले, "एक काम करा. मी घरी बायकूला, रेखाला, सांगितलंय की वाजवलं म्हनून. दात बांधून घेतला तवापासनं ती इचारत होती. कुनी इचारलं तर तेवढं सांभाळा."

आत जाताना त्यांनी क्लॅरिनेटची पेटी सामानात दिली नाही, काखेत धरली होती.

आठवड्यानं अनोळखी नंबरवरून निरोप आला. "डॉक्टरताई, मी राजाभाऊंची रेखा. मुनाफभाऊंनी संचलनाचा व्हिडिओ पाठवला. आम्ही सगळ्यांनी चारदा बघितला. हे कुठे दिसत नाहीत. कोणत्या बाजूला होते?"

दुपारचे पेशंट बाहेर बसले होते. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. खरं सांगावं तर राजाभाऊ खोटे पडणार, आणि त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट होती. शेवटी लिहिलं, "पुढच्या रांगेत होते. व्हिडिओ मी काढायला सांगितला होता, तो नीट निघाला नाही. चूक माझी."

लगेच उत्तर आलं. "असू द्या ताई, तुम्ही काय मुद्दाम केलं का?"