मामंजींना सांगितलेला अर्थ

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. तुमच्या आजोबांपाशीही नाही. तुम्ही इतके दूर आहात, माझा चेहरा तुम्हाला दिसत नाही — म्हणूनच लिहायला धजते आहे.

लग्न होऊन अलिबागेजवळच्या आमच्या वाडीत आले तेव्हा मी बी.ए. झालेली, तेही तत्त्वज्ञान घेऊन. त्या काळी केवढे अप्रूप! तुमचे आजोबा मुंबईला नोकरीत. घरी सासूबाई, मी आणि मामंजी — माझे सासरे, निवृत्त हेडमास्तर. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. दुपारी अंगणात सुपाऱ्या वाळत असत आणि पडवीत बसून मी त्यांना वाचून दाखवी.

एकदा त्यांनी मुंबईहून एक इंग्रजी पुस्तक मागवले. भाषा म्हणजे काय, शब्दाला अर्थ येतो कुठून, यावर एका परदेशी तत्त्वज्ञाने लिहिलेले. छोटी छोटी वाक्ये, प्रत्येकाला आकडा. मामंजी खुलले. "अगं, या तर ओव्याच! मग पोथीसारखंच वाचू. एक वाचायची, अर्थ सांगायचा, मग पुढची." आमच्या घरची तीच रीत — अर्थ सांगितल्याशिवाय पान उलटायचे नाही.

आणि मला अर्थ कळत नव्हता.

वाक्य हे वस्तुस्थितीचे चित्र असते, इथवर उमगले. पुढे सगळा अंधार. मामंजी मान तिरकी करून थांबलेले. "नाही कळत" — एवढेच म्हणायचे होते ना? काय बिघडले असते? पण सासूबाई आतून ऐकत, आल्यागेल्याला "आमची सून बी.ए." म्हणून सांगत... मी अर्थ रचला. थोडा वेदान्त घातला — शब्द हेच ब्रह्म, त्यातूनच जग उभे राहते. मामंजींनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे साहेब फिरून आपल्याच दारी आला की!" दुसऱ्या दिवशी मी आणखी रचले. मग रोजच.

पुढे त्यांनी त्या पुस्तकावर गावच्या वाचनालयात व्याख्यान द्यायचे ठरवले. निदान तेव्हा तरी मी अडवायला हवे होते. नाही अडवले.

व्याख्यान रंगले. शेवटी, मुंबईहून रेवसच्या बोटीने सुट्टीसाठी आलेले एक तरुण प्रोफेसर उठले. "मास्तर, मी हे पुस्तक वाचलंय. तुम्ही सांगता त्यातलं काहीच त्यात नाही."

"मास्तर वाडीत नारळाबरोबर तत्त्वज्ञानही पिकवतात वाटतं!" मागून कुणीतरी म्हणाले. सगळे हसले.

मामंजी काठी धरून उभे होते. त्यांनी मान बायकांच्या बाजूला वळवली. मी कुठे बसले आहे हे त्यांना ठाऊक होते. ते थांबले — मी काही बोलेन म्हणून.

मी पदर सावरत बसून राहिले.

"वय झालं," शेवटी तेच म्हणाले, "ऐकण्यात माझीच चूक झाली असेल."

त्यांना सगळे कळले होते का? घरी परतताना ते एवढेच बोलले, "जपून चल हो, वाट निसरडी आहे." ते पुस्तक त्यांनी पुन्हा मागितले नाही. व्याख्यानाला त्यांना पुन्हा कुणी बोलावलेही नाही. मास्तर भ्रमिष्ट झाले, असे गाव म्हणू लागले — आणि मी म्हणू दिले.

ते गेले तेव्हा समाचाराला आलेल्या बायकांना सासूबाई सांगत होत्या, "शेवटी शेवटी त्यांचा फार घोटाळा व्हायचा हो. ही बिचारी किती समजावून सांगायची!"

बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. मी होकारार्थी मान हलवली.