बिना ऑपरेशन

उषाबाईंचं वजन सव्वाशे किलोच्या पुढे गेलं, तेव्हा त्यांना घराचा जिना उतरणंही नकोसं व्हायला लागलं. सुरतच्या नवागाममध्ये पहिल्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. नवरा वाल्मिक लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला, मुलगा हजीऱ्याच्या कंपनीत लागून तिकडेच राहायला गेलेला. उषाबाई दिवसभर फरशीवर बसून साड्यांना लेस लावत. साड्यांचा गठ्ठा माणूस वर आणून टाकी आणि झालेला घेऊन जाई, त्यामुळे बाहेर पडायचं निमित्तच उरलं नव्हतं. गुडघे धरले, साखर वाढली, कूस बदलतानाही धाप लागू लागली.

त्यांना घराबाहेर काढलं ते कुंदनने. कुंदन मागच्या गल्लीत राहायची. दोघींचं माहेर अमळनेरकडचं, शेजारशेजारच्या गावांतलं. कुंदन आपल्या पुढच्या खोलीत वजन उतरवायचा क्लब चालवी. सकाळी बायका जमायच्या, कंपनीच्या पावडरीचं पेय घ्यायच्या, काट्यावर उभ्या राहायच्या आणि जिचं वजन उतरलं तिच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. पण उषाबाईंना ती आधी क्लबात घेऊन गेलीच नाही. रोज सकाळी दाराशी येऊन त्यांचा हात धरायची आणि चालायला न्यायची. पहिले काही दिवस दोघी चौकापर्यंत जाऊन परतल्या. पुढे डिंडोलीच्या तलावापर्यंत जाऊ लागल्या. साखरेचा चहा सुटला, भाजीवरची तर्री गेली. पावडरही सुरू झाली. दोन वर्षं उलटली तोवर उषाबाई निम्म्या झाल्या होत्या. गल्लीतल्या बायका त्यांना थांबवून विचारू लागल्या.

त्या बायकांना जे दिसत नव्हतं, ते साडीच्या आत होतं. चरबी गेली, पण कातडी राहिली. पोटाची कातडी रिकाम्या गोणीसारखी मांड्यांवर लोंबायची. सुरतच्या उकाड्यात त्या घडीत घाम साचून चिरा पडत, त्या चिघळत, वास येई. उषाबाई जुन्या धोतराच्या पट्ट्या करून घडीत ठेवत आणि दिवसातून दोनदा धुवून आतल्या दोरीवर, कुणाला दिसणार नाहीत अशा वाळत घालत. वाल्मिकपासूनही त्या अंग चोरू लागल्या. कुंदन म्हणे, पावडर चालू ठेव ताई, कातडी आपोआप आवळते. शेवटी एकदा ताप भरला, तेव्हा दोघी मोठ्या सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि गुजरातीत सांगितलं, “बेन, आ चामडी हवे पाछी नहीं खेंचाय.” ही कातडी आता परत आवळायची नाही, ती कापूनच काढावी लागेल. आधी जखमा भरू देत, वजन स्थिर राहू दे, मग बघू.

जखमा किती भरल्या हे दाखवायला फोटो काढून आणायला सांगितलं होतं. उषाबाईंचा फोन बटणांचा. कुंदनने दार लावून आपल्या फोनवर त्यांच्या उघड्या पोटाचे फोटो काढले. उषाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. नवऱ्यापासून लपवलेलं अंग त्यांनी कुंदनला दाखवलं, आणि दाखवताना मनात किंतु आला नाही.

ऑपरेशन झालं; गल्लीत मात्र माहेरी जातेय असंच सांगितलं होतं. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाके, पोटात दोन नळ्या, नळ्यांना प्लॅस्टिकच्या बाटल्या. बाटल्यांत लालसर पाणी साचे. ते कुंदन ओतून यायची. कमरेत वाकून पावलं टाकायला लावायची, केस विंचरायची. वाल्मिक भेटीच्या वेळी यायचा आणि पायथ्याशी उभा राहून परत जायचा. सगळं बरं झाल्यावर पुढच्या श्रावणात कुंदनकडे खानदेशातली कानबाई देवी बसली, तेव्हा उषाबाई नवी साडी चापून नेसून गेल्या. कुंदनने त्यांना उभं करून फोटो काढला. किती वर्षांनी आपण फोटोला हसलो, असं त्यांना वाटलं.

पुढे उन्हाळ्यात ज्योती घरी आली. ज्योती खालच्या खोलीतली, दोन पोरांची आई. तीही कुंदनच्या क्लबात जाऊन बरीच उतरली होती. ती बराच वेळ लेसच्या गुंडाळ्या चाळवत बसली आणि मग हळूच म्हणाली, “मावशी, तुम्ही कोणतं तेल लावलं? मी चार महिने लावते, मला तर फरक नाही.”

उषाबाईंना कळेना. ज्योतीने फोन पुढे केला. त्यावर कुंदनने लावलेली तेलाची जाहिरात होती. एका बाजूला उघडं, लोंबतं पोट, गळ्याखाली कापलेलं. दुसऱ्या बाजूला कानबाईच्या दिवशीच्या हसऱ्या उषाबाई. खाली गुजरातीत लिहिलं होतं, ते ज्योतीने वाचून दाखवलं: सैल कातडी आवळा, फक्त आमच्या तेलाने, बिना ऑपरेशन.

ज्योतीने साडी थोडी सरकवली. घडीतली जखम दोन बोटं रुंद झाली होती. दवाखान्यात का नाही गेलीस, असं उषाबाईंनी विचारलं. ज्योती म्हणाली, “कुंदनताई म्हणाल्या, उषाताईंचं बघ. कापाकापी कशाला?”

उषाबाई तशाच कुंदनकडे गेल्या. कुंदन नवीन डबे मांडत होती. फोटो लावला म्हणून उषाबाई काही बोलल्या नाहीत, फक्त इतकंच म्हणाल्या, ती पोर सडतेय. कुंदन डबा खाली न ठेवताच बोलली, “तुझ्या बाटल्या या हातांनी ओतल्या मी, ताई. तेवढ्यासाठी एक फोटो दिलास तर काय गेलं तुझं? आणि उघड्या फोटोत तोंड कुठे आहे तुझं? मी न विचारता नाही लावला. भाऊजींना विचारलं होतं.”

घरी वाल्मिक जेवायला बसला होता. उषाबाईंनी विचारलं, तेव्हा त्याने घास थांबवला नाही. “तिनी माले इचारेल व्हतं,” तो म्हणाला. तिने मला विचारलं होतं. “तुनं तोंड तं दिखत नही ना त्या उघडा फोटूमा.” पुढे त्याने सांगितलं की खात्यातल्या पोरांनीही तो फोटो फोनवर पाहिला होता. एकाने थट्टा केली होती. हा हसला होता.

उषाबाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. टाक्यांच्या जागी दुखत नव्हतं, तरी त्यांनी तिथे हात दाबून धरला. जिच्यापासून काही लपवलं नाही तिने विकलं, आणि ज्याच्यापासून लपवलं त्याने ते फोनवर बघून होकार दिला. गल्लीत कुणी ना कुणी बाई हे रोज बघत असणार, आणि आपण तिच्यासमोरून भाजी घेऊन येत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या क्लबात गेल्या. बायका काट्याभोवती उभ्या होत्या. उषाबाईंनी दार लोटलं, पदर बाजूला केला, निऱ्या खाली सरकवल्या आणि व्रण दाखवला. “हा तेलाचा नाही,” त्या म्हणाल्या. “हा ऑपरेशनचा आहे. कुंदन माझ्याजवळ होती. तिला विचारा.”

 कुंदन भिंतीकडे बघत उभी राहिली. दोघी-तिघी पिशव्या उचलून निघून गेल्या. कलाबाई नावाची म्हातारी मात्र म्हणाली, जिने उठवून बसवलं तिलाच चारचौघींत उघडं पाडलंस बाई. बाकीच्या पुन्हा काट्यावर चढू लागल्या.

कुंदनने फोटो काढून टाकला, पण तो इतक्या फोनांवर गेला होता की आजही कुठून तरी येतो. ज्योतीला उषाबाईंनी स्वतः दवाखान्यात नेलं. जखम आधी भरायला हवी म्हणून मलम आणि गोळ्या सुरू आहेत, ऑपरेशनचं नंतर ठरेल. वाल्मिकला त्या वेळेवर ताट वाढतात. तो दोनदा म्हणाला की चुकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

तलावाकडे त्या अजून चालायला जातात, एकट्या. कधी पलीकडच्या काठाने कुंदन दिसते, कुणातरी नव्या बाईचा हात धरून सावकाश चालताना. त्या बाईला पुढे होऊन सांगावं, असं उषाबाईंना दर वेळी वाटतं. मग त्यांना त्या बाईच्या तोंडावरचा आनंद दिसतो, आणि त्या पाण्याकडे बघत राहतात.