डाव्या हाताचा पट्टा

आमच्या ह्यांचं चिलखत रबरी चटईचं होतं. व्यायामशाळेत जमिनीवर अंथरतात ती जाड चटई तापवून वाकवायची, वर चंदेरी रंग मारायचा, की लांबून पोलाद वाटतं. ह्यांच्या गावच्या, गिरीजच्या मंडळाने पाडव्याच्या शोभायात्रेसाठी असे संच आणले होते, पण ते नुसते सुटे तुकडे. छाती, पाठ, खांदे आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे दस्ताने. पट्टे लावणं आणि कापडी काम ज्याचं त्याने घरी करायचं होतं. म्हणजे घरच्या बाईने करायचं, हे वेगळं सांगायला नकोच.

मी बोळिंजला फ्लॅटमध्ये ब्लाउज शिवते. चटई माझ्या मशीनखाली जात नाही, म्हणून मोचीकडून आरी मागून आणली. नवारीचा पट्टा नुसता डिंकाने चिकटवला तर पहिल्याच हिसक्याला चटईचा लचका घेऊन सुटतो. त्यासाठी आतून कॅनव्हासचं ठिगळ लावायचं, पट्टा त्यावर ठेवायचा आणि दोन्हींतून रिबीट ठोकायचं. मग घाम टिपायला मऊ सुती अस्तर. छातीचे, खांद्याचे आणि उजव्या हाताचे पट्टे मी बक्कल लावून असे पक्के केले की हत्ती टांगला असता.

डाव्या दस्तान्याला मात्र पट्टाच लावला नाही.

ह्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं. त्यासाठी डाव्या हातात शस्त्रक्रिया करून एक शीर धमनीला जोडली होती, फिस्टुला म्हणतात तो. तिथूनच रक्त बाहेर काढायचं, धुवायचं आणि परत आत सोडायचं. त्या हातात घड्याळ नको, त्या हाताने पिशवी नको, त्यावर काही आवळून बांधणं तर अजिबात नको. शीर दाबली गेली की आतलं रक्त गोठतं आणि वाट बंद होते. मांजराच्या पोटावर हात ठेवला की घुरघुर लागते ना, तशी त्या हातात सतत थरथर असते. ती रोज तपासा, असं नर्सने बजावलं होतं. सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी मी ह्यांच्या हातावर बोटं ठेवायची. थरथर लागली की मगच चहाचं आधण.

आणि ही गोष्ट ह्यांनी स्वतःच्या आईपासून लपवली होती. सासूबाई गिरीजला वाडीतच राहायच्या. मुलाला किडनीचा काही त्रास आहे, दवाखान्यात जातो, एवढंच त्यांना माहीत. हे बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. मी म्हणायची, "अहो, आई आहेत त्या, परक्या नाहीत. सांगून टाका." ह्यांचं एकच उत्तर, "बाबा गेल्यावर ती आत्ता कुठे उभी राहिलीये. तिला नको." मला संताप यायचा. पुरुषांचा हा हळवेपणा बायकांच्या जिवावर चालतो.

त्या वर्षी ह्यांनी यात्रेत चिलखत घालून टेम्पोवर उभं राहू नये म्हणून मी चार दिवस अबोला धरला. पण ह्यांचे वडील उभे राहायचे, वडिलांनंतर हे. "नाही उभा राहिलो तर सगळं गाव विचारेल, आईपण विचारेल," म्हणाले. शेवटी मीच नमले. डावा दस्ताना मी अंगरख्याच्या कोपरापर्यंतच्या बाहीच्या काठाला टिचबटणांनी टांगला, हाताला कुठेही न आवळता. फुगीर बाहीखाली तो जरा लोंबायचा, पण लोंबला तर लोंबला.

त्या मंडळाची एक रीत आहे. चिलखत आपलं आपण बांधायचं नाही. शेवटची गाठ घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने मारायची. मी त्याचा विचार करून ठेवला होता. पाडव्याला सकाळी गिरीजच्या घरी बाकी सगळी बक्कलं मीच लावली आणि कमरेचा शेला सासूबाईंसाठी ठेवला. त्या पुढे आल्या तशी मी आत गेले. ह्यांना दिवसभराचं पाणी मोजून प्यायचं असे, ती बाटली विसरली होती. बाटली भरून बाहेर आले तोवर हे टेम्पोवर चढलेले. सासूबाई खालून हात जोडून बघत होत्या. मला सगळं ठीक वाटलं.

चैत्रातलं ऊन, वर रबराचं चिलखत. यात्रा निर्मळपर्यंत जाऊन फिरून येईतो दुपार टळली. हे उतरले ते पांढरेफटक. घरात नेऊन मी बक्कलं सोडली, बाही वर केली आणि बघते तर दस्तान्याभोवती केळीच्या सोपटाचे, खोडाच्या वाळक्या सालीचे, चार वेढे. वाडीतल्या बायका फुलांच्या जुड्या ज्या गाठीने बांधतात, तीच गाठ. बाजारापर्यंत सुटायची नाही अशी. मी ती कात्रीने कापली. कातडीत वळ रुतले होते. त्यांच्यावर बोटं ठेवली, वर सरकवली, कान लावला.

हात गप्प होता.

"बांधू कसं दिलंत तुम्ही?" मी विचारलं.

"आई बांधत होती," हे म्हणाले. "नको कसं म्हणू? वाटलं, वर गेल्यावर सैल करीन. सुटेना. आणि सगळे बघत होते."

तिथून आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. ह्यांना उन्हाचा त्रास झाला असं सासूबाईंना सांगितलं. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ती वाट उघडली नाही. मग डायलिसिससाठी मानेत नळी घातली. जाताना गाडीतच ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, की ती गाठ कोणी मारली हे आईला कधी कळता कामा नये. नळीचे दिवस वाईट असतात, तिथून जंतू शिरतात. आषाढात ह्यांना हुडहुडी भरून ताप आला आणि तो काही उतरला नाही.

दिवस गिरीजलाच केले. भेटायला बाया येत, ओटीवर बसत. सासूबाई भिंतीला टेकून प्रत्येकीला पाडव्याचंच सांगायच्या. एकदा कुणीतरी म्हणालं, पोर टेम्पोवर कसं राजबिंडं दिसत होतं. तशा त्या सावरून बसल्या.

"डावा हात लोंबत होता त्याचा," त्या म्हणाल्या. "सुनेचं बटण कुठं टिकतंय? मीच बांधलं मग, सोपटानं. निर्मळला जाऊन आला, पण माझी गाठ हलली नाय. मना तेवढंच समाधान हाय गो. शेवटचं माझ्या हातानं झालं." मग माझ्याकडे वळल्या. "तूच सोडलीस ना? सांग यांना. हलली होती का?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मला रागच आला होता. राग कुणाचा ते धड सांगता येत नाही. त्यांचा नव्हता, एवढं खरं. जो गेला त्याचाच असावा.

"नाही आई," मी म्हटलं. "कापावी लागली."

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि त्या पुढच्या बाईला सांगायला लागल्या.